चोर बीटी, व्हॉट्सॲप ग्रुप आणि ठाण्यात अडकलेला फोन: पोलीस त्यात नेमकं काय पाहतात?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातला आहे. गावाचं अन् ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मृगाच्या आधी आमच्याकडे चोर बीटी कसं येतं हे कापूसवाल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: तणनाशक मारलं तरी न जळणारी कपाशी, जिला सरकारची परवानगी नाही. यंदा एका कृषी केंद्रवाल्यानं दिलेल्या पाकिटांत भलतंच बियाणं निघालं. लोकांनी तणनाशक मारलं तर तणासोबत पऱ्हाटीही जळाली. मग बोंबाबोंब, तक्रार, गुन्हा.

विकणाऱ्यानं पाकिटांचे फोटो अन् भाव गावच्या शेतकरी ग्रुपवर टाकले होते, अन् त्या ग्रुपचा ॲडमिन माझा चुलतभाऊ. धंद्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी "दोन दिवसांत परत देतो" म्हणून पोलिसांनी त्याचा फोन नेला. लॉकचा पॅटर्न चिठ्ठीवर काढून घेतला. कागद एकही दिला नाही. केंद्रवाल्याचा कॉम्प्युटरही उचलला. आता विचारायला गेलं की म्हणतात, फोन लॅबला गेला.

भावाचं सगळं त्या फोनवर आहे. बँकेचा ओटीपी, ई-पीक पाहणी, सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायची नोंदणी. अन् एक गोष्ट: फोन नेण्याच्या आदल्या रात्री घाबरून त्यानं ग्रुपमधल्या काही पोस्टी उडवल्या. त्या परत निघतात का? लॅबवाले करतात तरी काय? फोन कधी मिळतो?

झणझणीत

दोन दिवस म्हंजे ठाण्यातले दोन दिवस गड्या. मायी मोटरसायकल बी दोन दिवसांसाठीच नेली होती. तिच्या सीटवर मांजरीनं पिल्लं दिली तईसा सुटली.

बुढा_हवालदार

मी ठाण्यात रायटर, म्हणजे लिहापढीचा हवालदार होतो, पुढे मुद्देमालही सांभाळला. आता निवृत्त. नियमाप्रमाणे काय व्हायला पाहिजे ते सांगतो, म्हणजे तुमच्याकडे काय राहिलं ते कळेल.

फोन घेतला की दोन पंचांसमोर जप्ती पंचनामा. त्यात कंपनी, मॉडेल, रंग, काच फुटलेली असेल तर तेही, सिम किती, मेमरी कार्ड आहे का, आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक. दोन सिमच्या फोनला आयएमईआय दोन असतात, दोन्ही लिहावे लागतात. फोन चालू स्थितीत घेतला की बंद, हेही. मग पाकीट, लाखेचं सील, पंचांच्या सहीचं लेबल, मुद्देमाल रजिस्टरला नोंद. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे, झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणसुद्धा करायचं आहे आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं आहे.

लॅबकडे फोन जातो तो पत्रासोबत. सीलचा नमुना पत्रावर असतो. एखादा शिपाई पाकीट घेऊन एसटीनं नागपूर किंवा अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. तिथला माणूस आधी सील पाहतो. जुळलं नाही की पाकीट परत. असे हेलपाटे आम्ही घातलेले आहेत.

आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते. लॅब आपल्या मनानं काही शोधत नाही. तपासी अधिकाऱ्यानं पत्रात जे प्रश्न लिहिले त्यांचीच उत्तरं येतात. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अमुक नंबरशी झालेले चॅट, असं विचारलं तर कामाचं येतं. बरेच जण "मोबाईलमधील संपूर्ण माहिती मिळावी" एवढीच ओळ लिहितात. मग पेनड्राईव्हमध्ये हजारो पानांचा ढीग येतो. तो ठाण्यात वाचायचा कोणी?

हेक्स_डंप

हवालदारसाहेबांनी शेवटी लिहिलं ते सोळा आणे खरं. मी नागपुरात ह्याच कामात आहे, पण खाजगीत, सरकारी लॅबमध्ये नाही.

आधी कॉम्प्युटर, कारण ते सोपं. हार्डडिस्क बाहेर काढून राईट ब्लॉकर नावाच्या डबीतून जोडतात. त्यातून डिस्क वाचता येते, तिच्यावर काही लिहिलं जात नाही. मग अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल घेतात, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट. तिला इमेज म्हणतात. इमेज झाली की मूळ डिस्क बाजूला, पुढचं सगळं काम नकलेवर. दोन्हींचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला गणिती ठसा, काढतात. एसएचए-२५६ असेल तर ६४ अक्षर-अंकांची एक ओळ येते. डिस्कवरचा एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ पार बदलते. म्हणून जप्तीनंतर शक्य तितक्या लवकर काढलेला आणि कागदावर लिहिलेला हॅश हाच तुमचा खरा पंच. नंतर कोणी काही घुसवलं किंवा काढलं तर तो बोंब मारतो.

पुसलेल्या फाइलीचं म्हणाल तर सातबाऱ्यावरून नाव कमी झालं तरी वावर जागेवरच असतं. डिस्कवर नाव जातं, मजकूर राहतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. हे जुन्या फिरत्या हार्डडिस्कचं. नवीन एसएसडीमध्ये ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा खरोखर साफ करत राहते, तिथे आशा कमी.

तुमच्या केंद्रवाल्यासारख्या प्रकरणात मी असतो तर चॅटच्या आधी बिलं पाहिली असती. कारवाई होणार असं कानावर आलं की काही जण घाईघाईनं मागच्या तारखेची बिलं बनवतात, माल दुसऱ्याच कंपनीचा दाखवतात. बिलावर तारीख जूनची, पण फाइल तयार झाली ऑगस्टमध्ये. डिस्कच्या मुख्य यादीत प्रत्येक फाइलच्या वेळा दोन ठिकाणी नोंदलेल्या असतात. तारीख बदलणारी साधी सॉफ्टवेअरं एकाच ठिकाणची बदलतात. कॉम्प्युटरचं घड्याळच मागे केलं, तर घड्याळ बदलल्याची नोंद विंडोजच्या लॉगमध्ये पडते. कोणता पेनड्राईव्ह कधी लावला होता हेही निघतं. एवढी हुशारी करणारा माणूस सहसा ह्यातल्या एखाद्या ठिकाणी सापडतो.

पण जप्त करायला गेलेल्या माणसानं "बघू तरी काय आहे" म्हणत तोच कॉम्प्युटर चालू केला की शेकडो फाइलींच्या वेळा तिथेच बदलतात. पुढे आरोपीचा वकील नेमकं त्यावर बोट ठेवतो.

झणझणीत

हे समदं ठीक हाय बाप्पा. पोरानं उडवलेल्या पोस्टी निघतीन का नाही निघणार? एका ओळीत सांग.

हेक्स_डंप

एका ओळीत: भावाच्या फोनमधून कदाचित निघणार नाहीत, पण त्यानं 'सगळ्यांसाठी' उडवल्या नसतील तर गावातल्या बाकीच्या फोनमधून गेलेल्या नाहीत.

आता जरा लांब. फोनमधून माहिती काढायला सेलेब्राईट ह्या इस्रायली कंपनीचं युफेड किंवा तसलंच दुसरं साधन वापरतात. फोन उघडता आला तर संपर्क, कॉल, मेसेज, फोटो, ॲपांचे डेटाबेस बाहेर येतात. पॅटर्न चिठ्ठीवर दिलाय म्हणजे तो अडथळा तुमच्याकडे नाहीच. नसता तर फोन कोणत्या अवस्थेत आला ह्यावर बरंच अवलंबून. चालू असून एकदा तरी लॉक उघडलेला फोन आणि बंद करून पुन्हा चालू केलेला फोन ह्यांत फार फरक पडतो. दुसऱ्यात बहुतेक माहिती कुलूपबंदच राहते. म्हणूनच चालू फोन मिळाला तर तो विमान मोडवर टाकून, सिग्नल अडवणाऱ्या फॅरडे पिशवीत, चार्जिंगची सोय करून लवकर लॅबला न्यावा असं शिकवतात. आपल्याकडे तो मुद्देमाल खोलीत पडून पडून बॅटरी फुगते.

व्हॉट्सॲपचे मेसेज एका डेटाबेसमध्ये असतात. पोस्ट उडवली की ती जागा मोकळी म्हणून धरली जाते आणि नवीन मेसेज आले की भरते. जुना मजकूर तुकड्यांत मिळतो, कधी काहीच मिळत नाही. पण अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज रात्री दोनच्या सुमाराला फोनमध्येच बॅकअप घेतं आणि साधारण आठवडाभराचे बॅकअप ठेवतं. पोस्टी रात्री उडवल्या आणि फोन दुसऱ्या दिवशी गेला, तर आधीच्या दिवसांचे बॅकअप त्यात असायला हरकत नाही.

फोटो मात्र अवघड. अलीकडच्या फोनमध्ये फाइली वेगवेगळ्या किल्ल्यांनी कुलूपबंद असतात. फाइल गेली की ती उघडायला लागणारी माहितीही जाते. "कोणताही डिलीट फोटो परत आणतो" अशा पाट्या तालुक्याच्या मोबाईल दुकानांवर दिसतात. विश्वास ठेवू नका. छोटी थंबनेलं, म्हणजे फोटोंच्या बारक्या प्रती, मात्र कधी राहून जातात, पाकिटावरचं नाव वाचायला कधी तेवढीही पुरतात.

आणि 'सगळ्यांसाठी' उडवली नसेल तर मुळात तीच पोस्ट ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांच्या फोनवर पडून आहे. एका तक्रारदाराचा फोन तपासला की झालं.

ॲड_पुसदकर

पऱ्हाटीभाऊ, सगळ्यात आधी: पोस्टी उडवल्या हे तुम्ही इथं लिहिलंत ते काढून टाका. भावाला सांगा, हे फक्त आपल्या वकिलाशी बोल. पुरावा नाहीसा करण्याचं कलम आहे, न्याय संहितेचं २३८. हेतू सिद्ध करावा लागतो, भीतीपोटी चार पोस्टी उडवणं म्हणजे लगेच गुन्हा असं नाही, पण आपण होऊन हातात काठी कशाला द्यायची?

ॲडमिन म्हणून फार घाबरू नका. २०२१ मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलंय की सदस्यानं टाकलेल्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप जबाबदार होत नाही. सामाईक इरादा किंवा पूर्वनियोजन दाखवावं लागतं. ॲडमिनच्या हातात तेव्हा माणूस घेणं आणि काढणं एवढंच होतं, आता त्याला दुसऱ्याची पोस्टही उडवता येते.

फोन परत मिळण्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपुर्दनाम्याचा अर्ज करा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३ खाली. जप्त माल ठाण्यात सडवत ठेवू नका हे सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलंय. सरकारी वकील आणि तपास अधिकाऱ्याचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवला जातो. "तपास बाकी" असं उत्तर येईल. तेव्हा विचारायचं की डेटा काढून झाला का, झाला असेल तर यंत्र कशाला अडवून ठेवता? फोन मिळाला तरी बंधपत्रावर मिळतो. विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही, कोर्टानं मागितला की हजर करायचा.

तुमच्या प्रकरणात खरा मुद्दा पंचनामा आहे. अर्जात स्पष्ट लिहा की जप्तीची प्रत दिली नाही. कोर्टात पोलिसांना कागद दाखवावाच लागतो.

तटस्थ_वणी

आणि कागद मागच्या तारखेचा बनवून दाखवला तर? इथं सगळे यंत्राचं कौतुक करून राहिले. भीमा कोरेगाव प्रकरणात जप्त झालेल्या कॉम्प्युटरांच्या प्रती आर्सेनल कन्सल्टिंग ह्या अमेरिकन कंपनीनं तपासल्या. २०२१ च्या अहवालांत तिनं म्हटलं की नेटवायर नावाच्या मालवेअरमधून बाहेरून फाइली घुसवल्या गेल्या. त्यात एक कॉम्प्युटर नागपूरच्या वकिलांचा होता. तपास करणाऱ्या एनआयएला ते मान्य नाही, खटल्यात निकाल लागायचा आहे. पण कॉम्प्युटरमध्ये फाइल सापडली म्हणजे ती मालकानंच ठेवली असं होत नाही, एवढं तरी धरा.

बुढा_हवालदार

तटस्थसाहेब, सगळी पोलीसजात एका सुपात पाखडू नका. गावच्या ठाण्यात पाच-सहा शिपाई, एक ठाणेदार, पोळा-गणपतीचा बंदोबस्त, त्यात दारूच्या धाडी. फॅरडे पिशवी मी नोकरीत पाहिली नाही. आम्हाला मोबाईल वर्तमानपत्रात गुंडाळून सील करायला शिकवलं. आता फॉरेन्सिकच्या गाड्या आल्या, कामाची पद्धत बदलून राहिली, मान्य. पण निष्काळजीपणा वेगळा आणि बदमाशी वेगळी.

हेक्स_डंप

तटस्थ ह्यांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, आणि त्यावर उपायही तोच कंटाळवाणा: जप्तीच्या वेळचा हॅश. कॉम्प्युटरचा तो जागेवर काढता येतो. चालू फोनचा अख्खा हॅश जागेवर निघत नाही, कारण फोन आतल्या आत सतत काही ना काही लिहीत असतो. तिथे बाहेर काढलेल्या डेटाच्या फाइलीचा हॅश घेतात. म्हणून फोनच्या बाबतीत सील आणि व्हिडिओ ह्यांचं महत्त्व जास्त.

ॲड_पुसदकर

भर घालतो. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं त्याचे आता दोन भाग आहेत. एक यंत्र किंवा डेटा ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. हॅशसाठी त्यात रकानाच छापलेला आहे. पूर्वी जुन्या पुरावा कायद्यात हेच ६५-ब होतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल आला तो जालन्याच्या निवडणुकीवरून, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जुलै २०२०. उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले का ह्याचं कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण होतं आणि प्रमाणपत्र कोणी देईना. प्रमाणपत्र सक्तीचं, पण समोरचा देतच नसेल तर कोर्टाकडे जाऊन ते मागवता येतं, असं न्यायालयानं सांगितलं. आपल्या कोर्टांत अजूनही नुसते स्क्रीनशॉट झेरॉक्स करून जोडणारे लोक येतात.

मीनल_वर्धा

मला वेगळीच काळजी आहे. मी बचत गटाचं काम बघते. आमच्या बायकांच्या फोनमध्ये गटाचे हिशेब, आजारपणाचे कागद, घरचे फोटो, सगळं असतं. बियाण्याच्या गुन्ह्यासाठी फोन घेतला तर पोलीस हे सगळं पाहू शकतात का? आणि लॉक सांगावंच लागतं का?

ॲड_पुसदकर

ताई, लॉकबद्दल: स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही, घटनेचं कलम २०(३). पासवर्ड सांगणं त्यात बसतं का ह्यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. कर्नाटकनं २०२१ मध्ये बसत नाही असं म्हटलं, दिल्लीनं २०२३ मध्ये आरोपीला जबरदस्ती करता येत नाही असं म्हटलं. साक्षीदाराची गोष्ट आणखी वेगळी, म्हणून देण्याआधी वकिलाला एक फोन करावा. आणि दिलाच तर पंचनाम्यात लिहून द्यावा, चिठ्ठीवर नाही.

खाजगी मजकुराबद्दल खरं सांगायचं तर फोनमधलं किती पाहायचं ह्याची रेघ कायद्यात स्पष्ट आखलेली नाही. पत्रकारांच्या उपकरणांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये केंद्राला नियमावली करायला सांगितलं होतं. मात्र तुम्हाला अर्जात मागता येतं की अमुक काळातला, अमुक ग्रुपचाच डेटा घ्यावा. डेटा दोषारोपपत्राला जोडला की आरोपीला त्याची प्रत मिळते. प्रतीत दुसऱ्या कोणाचं खाजगी आयुष्य उघड होत असेल तर कोर्ट नुसतं पाहू देऊ शकतं, प्रत न देता. केरळच्या दिलीप प्रकरणात २०१९ ला तसंच ठरलं.

झरीचा_माणूस

टॉवर लोकेशनचं कोणी बोललं नाही. आमचं गाव पैनगंगेच्या काठावर. घरात बसलो तरी कधी कधी फोन नदीपलीकडचा, तेलंगणातला टॉवर धरतो. आमच्या एकाला "तू त्या दिवशी आदिलाबादकडे बियाणं आणायला गेला होतास" म्हणून धरून बसले होते. पोरगा अंगणात खाटेवर झोपला होता.

हेक्स_डंप

अगदी. मोबाईल कंपनीकडून येणाऱ्या सीडीआरमध्ये, म्हणजे कॉलच्या नोंदींमध्ये, कॉल सुरू झाला तेव्हाचा आणि संपला तेव्हाचा टॉवर असतो, माणूस नसतो. शहरात टॉवर जवळजवळ, म्हणून अंदाज बरा येतो. आपल्याकडे एकाच टॉवरखाली तीन गावं, मधला नाला आणि आठवडी बाजार येतो. टॉवरची एक बाजू साधारण १२० अंश सांभाळते, तेवढी दिशा कळते, अंतर नाही. तुमच्या मुलाच्या मागच्या महिन्यांच्या सीडीआरमध्ये रात्री तोच टॉवर वारंवार दिसत असेल, तर तीच त्याच्या बाजूची गोष्ट. वकिलाला ते मागवायला सांगा. कंपन्यांनी ह्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायच्या असतात, तेव्हा फार वाट पाहू नका.

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. वकिलसाहेब, ती ओळ काढायला गेलो पण प्रतिसाद आल्यावर धागा संपादित होत नाही. ॲडमिनना कळवलंय.

काल तालुक्याला जाऊन अर्ज टाकला. पेशकारानं पुढची तारीख दिली, पोलिसांचा से यायचा आहे. आमचे वकील म्हणाले, मुद्देमाल रजिस्टरचा नंबर मिळाला तर बरं. ठाण्यात गेलो तर मुद्देमाल सांभाळणारा मोहरर सुटीवर. पण तिथल्या एका शिपायानं हळूच सांगितलं की फोन लॅबला गेलाच नाही, पत्रावर ठाणेदाराची सही राहिली म्हणून खोलीतच आहे.

भावानं नवीन फोन घेतला. त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं तर चालतं का? सोमवारपर्यंत सीसीआयच्या स्लॉटसाठी ओटीपी लागतो.

हेक्स_डंप

सिम काढा, पण आधी ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. नंबर बँकेसाठी वापरा. नव्या फोनवर व्हॉट्सॲप सध्या सुरू करू नका. ते सुरू केलं की जुन्या फोनमधलं खातं बाहेर पडतं, आणि फोन ताब्यात असताना तुम्ही बाहेरून छेडछाड केली असं म्हणायला जागा होते. गूगलच्या 'माझा फोन शोधा'मध्ये जाऊन सगळं पुसून टाकायचा बेत कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

बुढा_हवालदार

फोन अजून ठाण्यातच असेल तर फार बरं झालं. वकिलांना सांगा, से येण्याच्या तारखेला तपासी अधिकाऱ्यानं मुद्देमाल रजिस्टर घेऊन हजर राहावं असा अर्ज द्या. आणि मोहररला भेटायचं तर सकाळी हजेरीनंतर लगेच जा, दुपारी तो कोर्टात असतो.

पऱ्हाटी

मंगळवारी जातो. काय होतं ते इथं लिहीन.

झणझणीत

मोहररले भेटाले जाशीन तं खोलीत मायी डिक्कीची चाबी दिसते का पाह्य. मोटरसायकल सुटली, चाबी नाही सुटली.